दुकानातून मिळालेली यादी: कॉकाटिल आणण्याआधी यातलं काय घ्यायचं, काय गाळायचं?

तिसरा_मजला (धागालेखक)
पुढच्या महिन्यात घरी एक कॉकाटिल (डोक्यावर तुरा असलेला छोटा परदेशी पोपट) आणायचा आहे. ठाण्यात टू बीएचके, दिवसभर घरात कोणी ना कोणी असतं. दुकानातून सामानाची यादी मिळाली ती अशी: घुमटाचा गोल पिंजरा (१४ इंच व्यास), प्लास्टिकच्या दोन दांड्या, त्यांवर चढवायच्या सँडपेपरच्या नळ्या, आरसा, घंटी, झोपायला मडकं, सूर्यफुलाच्या बिया २ किलो, ग्रिट (बारीक खडे), पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब, उवा होऊ नयेत म्हणून पिंजऱ्याला टांगायची डबी आणि हँडफीडिंगची पावडर.
पक्षी सोडून बजेट दहा हजार. यातलं काय घेऊ, काय गाळू, आणि यादीत काय राहिलंय?

दगडफूल
घ्यायची ती घंटी. तीही बघून.

चिवचिवाट
दगडफूल यांनी थोडक्यात उरकलं, पण चुकीचं नाही. एकेक घेऊ.

पिंजरा: गोल नको. पोपटवर्गातले पक्षी आडवे उडतात, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. एका कॉकाटिलला कमीत कमी २४ इंच लांब, १८ रुंद, २४ उंच. याहून मोठा मिळाला तर उत्तम, लहान नको. दोन गजांमधलं अंतर अर्धा इंच, फार तर १५ मिमी. त्याहून जास्त असेल तर डोकं अडकतं. घुमटाच्या पिंजऱ्यात गज वर एकत्र येतात, तिथे बोटं आणि पंख सापडतात. निदान दोन बाजूंचे गज आडवे असावेत, चढायला तेच लागतात.

सँडपेपरच्या नळ्या: नखं झिजतात म्हणून विकतात. नखं फारशी झिजत नाहीत, तळपाय सोलतात, मग सूज येते आणि जंतुसंसर्ग होतो. गाळा.

पाण्यातलं व्हिटॅमिन: पक्षी किती पाणी प्यायला यावर डोस ठरणार, म्हणजे डोसच नाही. शिवाय गोडसर पाण्यात जंतू भराभर वाढतात, आणि चव बदलली की काही पक्षी पाणीच सोडतात. गाळा.

उवांची डबी: आत कीटकनाशक असतं आणि पक्षी ते चोवीस तास हुंगतो. उवा झाल्याच तर डॉक्टर औषध देतात. गाळा. याच कारणाने पिंजऱ्याजवळच्या कपाटात डांबरगोळ्याही नकोत.

अर्धा_चहा
आणि मडकं? बिचाऱ्याने झोपायचं कुठे?

चिवचिवाट
दांडीवर, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. मडकं म्हणजे बेडरूम नव्हे, बाळंतिणीची खोली. अंधारी बंदिस्त जागा दिसली की मादी अंडी घालायच्या तयारीला लागते, जोडीदार नसला तरी. अंड्यामागून अंडं घातलं की शरीरातलं कॅल्शियम संपतं आणि एखादं अंडं आत अडकतं. तशी मादी वेळेत डॉक्टरकडे गेली नाही तर दगावते. एकट्या पक्ष्याला मडकं, घरटं, कापडी झोपडी, पुठ्ठ्याचं खोकं, काहीही द्यायचं नाही.

हुप्प्या
म्हणजे आपल्याकडच्या निम्म्या बजींच्या (छोट्या रंगीत पोपटांच्या) पिंजऱ्यांत प्रसूतिगृह चालू आहे म्हणा की.

लाल_कंदील
सामानाच्या आधी एक गोष्ट. धागालेखकांनी कॉकाटिल म्हटलंय म्हणून ठीक, पण 'पोपट' शोधत इथे येणाऱ्यांसाठी: आपला हिरवा, लाल चोचीचा, गळ्याला कंठ असलेला पोपट पाळता येत नाही. पहाडी पोपट, टोई, कोणताच नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली ते संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत येतात. 'पिल्लू झाडावरून पडलं होतं' ही सबब चालत नाही. खरंच पडलेलं सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

परदेशी जातींचं वेगळं. कॉन्यूर, मकाव, आफ्रिकन ग्रे हे साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. कॉकाटिल, बजी आणि पीचफेस लव्हबर्ड या परिशिष्टांत नाहीत. तरीही पक्की पावती घ्या, पायात कडी असेल तर तिचा नंबर पावतीवर लिहून घ्या.

मिरचीभजी
+१. आणि दुकानात कोणी 'पिल्लू आहे, हळूहळू कंठ येईल, कागदपत्रं नंतर देतो' म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

पिंपळपान
यादीतली सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे हँडफीडिंगची पावडर, आणि तिच्यावर अजून कोणी बोललेलं नाही. ती यादीत आहे याचा अर्थ दुकानदार स्वतः दाणे खाऊ न शकणारं पिल्लू विकणार आहे. 'हाताने भरवलं की माणसाळतं' हे त्यामागचं तत्त्वज्ञान.

भरवण्याचा घोळ ३९ ते ४१ अंशांचा लागतो. ४३ च्या वर गेला तर गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते. ते लगेच दिसत नाही, काही दिवसांनी तिथली कातडी काळी पडते आणि भोक पडून अन्न बाहेर येतं. थंड झाला तर पिशवीत पडून आंबतो. सिरिंज चुकीच्या बाजूने घातली तर घास श्वासनलिकेत जातो आणि पिल्लू तिथल्या तिथे संपतं. हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, पहिल्यांदा पक्षी आणणाऱ्याचं नाही.

माणसाळण्यासाठी पिल्लू रोज हाताळलेलं असलं तरी पुरे. साधारण ८ ते १० आठवड्यांचं, स्वतः बिया फोडून खाणारं घ्या. ते खाताना समोर उभं राहून बघा. बी नुसती चोचीत फिरवणं वेगळं आणि सोलून गिळणं वेगळं. खाली फोलपटं पडली पाहिजेत.

तिसरा_मजला
बापरे. पावडर कटाप. गोल पिंजरा कटाप. दुकानात तारेचा जस्ताचा मुलामा दिलेला चौकोनी पिंजरा बराच स्वस्त आहे, मापात बसतो. तो चालेल?

कावळोबा
टाळता आला तर टाळा. कॉकाटिल चोचीने गज चावत चढतो, मुलाम्यावरची पांढरी भुकटी आणि सुटलेले कण पोटात जातात आणि जस्ताची विषबाधा होते. उलट्या, पातळ हिरवी शी, तोल जाणं, वजन घटणं ही लक्षणं. घ्यावाच लागला तर व्हिनेगर आणि ताठ ब्रशने एकेक तार घासायची, भरपूर पाण्याने धुवायची, उन्हात वाळवायची. त्याने सुटी भुकटी जाते, मुलामा जात नाही. पावडर कोटिंगचा पिंजरा मधला मार्ग, स्टेनलेस स्टील सर्वांत चांगलं आणि सर्वांत महाग. पावडर कोटिंगचे टवके उडालेले असतील तर तो पिंजरा नको.

दारंही बघा. खालून वर सरकणारी दारं कॉकाटिल डोक्याने उचलतो आणि मध्येच मान अडकवून घेतो. प्रत्येक दाराला स्क्रूची छोटी कडी लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

सांजवारा
दांड्यांसाठी पैसे घालवू नका. पेरूची किंवा कडुलिंबाची फांदी. जाडी वेगवेगळी हवी, साधारण १५ ते २५ मिमी, म्हणजे पायाची पकड बदलत राहते. बोटांनी फांदीचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश घेर धरला पाहिजे. बोटं पूर्ण वळून एकमेकांवर आली तर फांदी बारीक आहे. औषध फवारलेल्या बागेतली फांदी नको. घासून धुवायची, उकळतं पाणी ओतायचं, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवायची. कण्हेर, रुई, धोत्रा, शेर यांच्या जवळपासही जायचं नाही. साल काढू नका, ती सोलण्यातच त्याचा अर्धा दिवस जातो.

बांधताना एक पथ्य: दांडी खाण्या-पिण्याच्या वाटीवर कधीही नको. का ते पहिल्या दिवशी कळेल.

हुप्प्या
सालीसकट पेरूची फांदी? आमच्या सोसायटीत पेरूचं झाड राहणार नाही आता.

बाराखडी
खाण्याबद्दल. २ किलो सूर्यफूल म्हणजे पक्ष्याला रोज फरसाण. चरबी भरपूर, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व जवळपास नाही. महिनोन्‌महिने तेच खाल्लं की यकृतात चरबी साठते आणि अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने नाका-तोंडाचे, श्वसनाचे आजार सुरू होतात.

घरी मिश्रण करायचं तर राळे अर्धे, उरलेल्यात बाजरी, कॅनरी सीड, थोडी ज्वारी आणि सालासकट ओट्स. करडई मूठभर. सूर्यफूल मोजून, रोज पाच-सहा दाणे, तेही हातावर यायचं बक्षीस म्हणून. एका कॉकाटिलला दिवसाला दीड ते दोन टेबलस्पून मिश्रण पुरतं. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त आणू नका.

भाज्या रोज: मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, सिमला मिरची, मक्याचं कणीस. हिरवी मिरचीही चालते, पक्ष्यांना तिखट लागत नाही. अव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, मिठाचे पदार्थ, सफरचंदाच्या बिया बंद. भाजी दोन-तीन तासांत काढून टाकायची. मोड आलेले मूगही तसेच, आणि पावसाळ्यात जरासा आंबूस वास आला तरी फेकायचे.

दगडफूल
बाराखडी, पेलेट्स (दळलेल्या धान्या-जीवनसत्त्वांच्या तयार गोळ्या) राहिले. आता बरे ब्रँड इथे मिळतात. बिया हे मुख्य अन्न असूच नये, ६० ते ७० टक्के पेलेट्स हवेत. बिया दिल्या की पक्षी आवडीचं निवडून खातो आणि तुमचं मोजून केलेलं मिश्रण वाटीतच राहतं.

बाराखडी
तत्त्वतः मान्य. पण दुकानातून बियांवर वाढलेलं पिल्लू आणून पहिल्याच दिवशी पेलेट्स पुढे केले तर ते त्याला अन्न वाटतच नाही, उपाशी राहतं. पहिले दोन आठवडे ते जे खात होतं तेच द्या, दुकानातून त्याच मिश्रणाचा पाव किलो बांधून घ्या. मग पेलेट्स बारीक करून ओलसर भाजीवर भुरभुरायचे आणि प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवायचं. या काळात रोज वजन. वजनाशिवाय खाणं बदलायचं नाही, यावर मी अडून बसणार.

दगडफूल
वजनाच्या मुद्द्यावर हात मिळवू. पिंजऱ्यानंतरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, १ ग्रॅम दाखवणारा. त्यावर छोटी दांडी किंवा वाटी ठेवून शून्य करायचं. सकाळी पहिली शी झाल्यावर, खाण्याआधी वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं. कॉकाटिल साधारण ८० ते ११० ग्रॅमचा. आजारी पक्षी शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं नाटक करतो, कारण रानात कमजोर दिसला तो शिकार झाला. वही मात्र फसत नाही. नेहमीच्या वजनापेक्षा १० टक्के उतरलं, म्हणजे ९० चा ८१ वर आला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

अर्धा_चहा
ग्रिटचं काय? कोंबड्यांना लागतं ना?

कावळोबा
कोंबड्या आणि कबुतरं दाणा अख्खा गिळतात, म्हणून पोटात दळायला खडे लागतात. पोपटवर्गीय दाणा सोलून खातात, त्यांना गरज नाही. उलट आजारी पक्षी खडे खात सुटतो आणि पोटात गोळा होतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगा. पेट शॉपमध्ये मिळतोच, शिवाय काष्ठौषधींच्या दुकानात सुटा मिळतो. दर्याकिनाऱ्यावर सापडलेला चालेल, पण रोज पाणी बदलत दोन-तीन दिवस भिजवून, उकळून, वाळवून. मऊ बाजू पक्ष्याकडे.

पिंपळपान
खेळणी घरातच आहेत. पळसाच्या पानांची पत्रावळ तारेची पिन नसलेली बघून घ्यायची, तिच्या चिंध्या करण्यात कॉकाटिल तासभर रमतो. मक्याची सालं, बिनरंगाच्या आइस्क्रीमच्या काड्या, करवंटीला भोक पाडून त्यात लपवलेले दाणे. आठवड्याला दोन-तीन बदलत राहायची. सुती दोरी विसविशीत झाली की फेकून द्यायची, धागे पायाला गुंडाळून बोट काळंनिळं पडतं. घंटी चिरा पाडलेली गोल नको, चिरेत नख अडकतं. उघड्या तोंडाची, आतला लोळ घट्ट बसवलेला हवा.

आरसा नको. नर आरशाशी लग्न लावून मोकळा होतो, मग घरच्यांना ओळख दाखवत नाही.

मिरचीभजी
जावई आला की असंच होतं. (दिवे घ्या)

लाल_कंदील
विनोद चालू द्या, पण यादीत जे विकत मिळत नाही तेच नेमकं राहिलंय.

१. छताचा पंखा. आपल्याकडच्या घरांत पिंजऱ्याबाहेर सोडलेल्या पक्ष्याचा सगळ्यात मोठा शत्रू. पक्षी बाहेर, पंखा बंद. बटणावर चिकटपट्टी लावा, कारण पाहुणे सवयीने बटण दाबतात.
२. नॉनस्टिक. तवा साधारण २६० अंशांच्या वर तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला जेमतेम जाणवतो, पक्ष्याची फुप्फुसं काही मिनिटांत निकामी होतात. सँडविच टोस्टर, काही एअर फ्रायर आणि इस्त्रीचे तळ यांनाही तोच लेप असतो. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून नको. लोखंडी तवा, स्टीलची कढई वापरा.
३. उदबत्ती, धूप, कापूर, मच्छर कॉइल, फवारे, अत्तर. देवघर ज्या खोलीत, त्या खोलीत पिंजरा नको.
४. खिडकी. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी भरवशाची नाही, कुरतडता येते. तारेची बारीक जाळी हवी.

सांजवारा
पंख कापून आणले तर ३ आणि ४ ची काळजी निम्मी होते. दुकानात फुकट कापून देतात.

चिवचिवाट
३ शी पंखांचा काय संबंध? आणि ४ बद्दल असहमत. पंख कापलेला कॉकाटिलही वाऱ्याच्या झोतावर तिसऱ्या मजल्यावरून शंभर फूट जातो, फक्त परत येऊ शकत नाही. फार कापले तर दगडासारखा पडतो आणि छातीचं हाड फुटतं. नुकतं उडायला शिकणाऱ्या पिल्लाचे तर अजिबात नको, उतरायचं कसं हे ते त्याच वयात शिकतं.

सांजवारा
३ चुकून लिहिलं गेलं. पण ज्या घरात सहा माणसं दारं उघडी टाकून फिरतात तिथे पहिले दोन महिने डॉक्टरकडून बाहेरची चार-पाच पिसं दोन्ही बाजूंना सारखी कापून घेणं मला चुकीचं वाटत नाही. पिसगळतीनंतर परत येतात. दुकानात एकाच बाजूची कापतात, ते मात्र वाईट, त्याने पक्षी गिरक्या खातो.

कावळोबा
या वादाला स्वतंत्र धागा काढा, इथे सामान राहू दे. दोन वस्तू राहिल्या: प्रवासाचा कडक कॅरिअर आणि जुना टॉवेल. कॅरिअर पक्षी आणायच्या दिवशी लागतो, पिंजऱ्याच्या आधी. दुकानातला भोकं पाडलेला पुठ्ठा रिक्षात फाटतो. आजारपणात हाच कॅरिअर दवाखाना होतो: एका टोकाला टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, आत साधारण २८ ते ३० अंश, दुसरं टोक थंड म्हणजे त्याला सरकता येतं.

डॉक्टर आधी शोधा, पक्षी नंतर. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर पक्षी बघतो असं नाही. फोन करून विचारा. मुंबईच्या टप्प्यात असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असू द्या. पहिल्या आठवड्यात विष्ठेची तपासणी. घरात आधीचे पक्षी असतील तर नवा ३० दिवस वेगळ्या खोलीत.

बाराखडी
आणि घरात कोणाला दमा असेल तर आधीच विचार करा. कॉकाटिलच्या अंगाची पांढरी भुकटी घरभर बसते. पक्षी आल्यानंतर कोणाला बरा न होणारा ताप-खोकला झाला तर घरी पक्षी आहे हे आपल्या डॉक्टरांना सांगायचं. सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा जंतुसंसर्ग पक्ष्यांकडून माणसांना होतो. निदान झालं तर औषध आहे, पण सांगितलं नाही तर कोणी त्या दिशेने बघत नाही.

तिसरा_मजला
सगळ्यांचे आभार. नवी यादी: २४ × १८ × २४ पावडर कोटिंगचा पिंजरा, कॅरिअर, डिजिटल काटा, स्टीलच्या तीन वाट्या, समुद्रफेस, राळ्याचं मिश्रण अर्धा किलो, पेलेट्सचं छोटं पाकीट, पेरूच्या तीन फांद्या, पत्रावळी, घंटी, कड्या. ट्रेमध्ये काय घालू? भुसा?

पिंपळपान
भुसा नको, ओला झाला की बुरशी. वर्तमानपत्र, रोज बदलायचं. सकाळी त्यावर शी बघायची: हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग, भोवती थोडं पाणी. पांढऱ्याचा पिवळा किंवा हिरवा झाला तर दाखवायचं. यादीत एक सुती चादर घाला, रात्री तीन बाजूंनी झाकायला. १० ते १२ तास झोप हवी. खोली मात्र पूर्ण काळोखी नको, झिरोचा दिवा ठेवा. कॉकाटिल अंधारात दचकून पिंजऱ्यात धडपडतात आणि नवी उगवणारी, आत रक्त असलेली पिसं मोडून घेतात.

चिवचिवाट
राळ्याला पावसाळ्यात टोके लागतात. आणल्यावर पिशवीसकट दोन दिवस फ्रीझरमध्ये, मग कोरड्या बरणीत. जाळी धरलेले किंवा कुबट वासाचे दाणे निवडत बसायचे नाहीत, अख्खी बरणी टाकायची. कच्चे शेंगदाणे तर नकोच, त्यावरच्या बुरशीचं विष धुऊन जात नाही. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. खडू ओढायचा नाही.

तिसरा_मजला
शेवटचं. गणपतीत पाच दिवस गावी, कुडाळला जातो. वाट्या भरून ठेवून गेलो तर?

लाल_कंदील
पाच दिवस काय, एक रात्रही नको. वाटीतलं पाणी संध्याकाळपर्यंत घाण होतं, आणि वरची फोलपटं बघून वाटी भरलेली वाटते. ओळखीच्या माणसाकडे ठेवा किंवा गाडीतून न्या. कॅरिअर मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून, एसीचा झोत दुसरीकडे वळवून. पाण्याची वाटी काढून ठेवा, त्याऐवजी काकडीचे जाड काप. दर दोन तासांनी थांबून पाणी दाखवायचं. गावी आरती ओटीवर होणार असेल तर पिंजरा मागच्या खोलीत.

तिसरा_मजला
मागच्या खोलीत मांजर व्यालेली असते दरवर्षी.

लाल_कंदील
मग ठाण्यातच कोणीतरी शोधा.